फाळका, स्प्रिंग आणि तुझी कंबर

तासगाव, जि. सांगली

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि आधी रागच आला. आल्याच्या वावरात पॉवर टिलर न्यायला ट्रेलर बनवलास, त्याच्या मागं चेकर प्लेटचा, म्हणजे उठावाच्या नक्षीच्या पत्र्याचा, दणकट फाळका लावलास, खाली पाडला की टिलर चढवायला उतार, सगळं झकास. पण तो फाळका तुझे आबा एकट्यानं उचलतात हे वाचून पोटात गोळा आला. मागच्या बेदाण्याच्या हंगामात आमच्या धाकट्याचा हात फाळक्यावरून निसटला आणि पायाची दोन बोटं चेंगरली. मी शेजारी उभा होतो, तरी धरू शकलो नाही. त्याच आठवड्यात आम्ही फाळका उचलायला हातभार लावणाऱ्या स्प्रिंग बसवल्या. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

खरेदीला जायच्या आधी वजन घे. बेदाण्याच्या पेट्यांना वापरतो तो टांगता काटा मी फाळक्याच्या मोकळ्या टोकाला अडकवला आणि फाळका आडवा होईपर्यंत काटा वर ओढला. आकडा आला 42 किलो. फाळक्याचं वजन त्याच्या दुप्पट, म्हणजे 84 च्या आसपास, कारण निम्मा भार बिजागरी घेते. सगळ्यात जड क्षण हाच, आडव्याचा. फाळका उभा होत जातो तसा भार उतरत जातो. स्प्रिंगचंही तसंच असतं. फाळका खाली असताना ती जास्त ताणलेली, वर जाताना सैल. दोघांची चाल जुळते, म्हणून मला स्प्रिंग पटली.

तू गॅसच्या शॉकचं, म्हणजे गॅस भरलेल्या नळीतून दांडा बाहेर ढकलणाऱ्या आधाराचं विचारलंस. दिसायला सुरेख, पण त्याचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखाच राहतो. त्यावर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो, 400 म्हणजे साधारण 40 किलो. आपल्या मातीत, चिखलात त्याच्या दांड्याला ओरखडे पडतात, सील गळतं आणि गॅस गेला की दुरुस्ती नाही. मी एका दुकानातून आणलेली जोडी एका पावसाळ्यातच बसली. कारच्या डिकीला तो ठीक, शेतातल्या ट्रेलरला मी लावणार नाही. बिजागरीभोवती गुंडाळलेली पिळाची स्प्रिंगही असते, जागा कमी घेते. पण डावी-उजवी वेगळी, आणि तुटली की त्याच मापाची पुन्हा करून घ्यावी लागते.

आमच्याकडे आहे ती साधी मांडणी. दोन्ही बाजूंच्या कठड्याला लोखंडी पाइप, त्यात लांब स्प्रिंग, तिला वायर रोप, म्हणजे तारांचा पिळलेला दोर. ती मागच्या खांबाच्या माथ्यावरच्या पुलीवरून खाली येऊन फाळक्याला जोडलेली. रोप वरूनच यायला हवी. फरशीच्या रेषेत ओढलीस तर जोर नुसता बिजागरीवर जातो, फाळका हलत नाही.

रोपेचा जोड फाळक्यावर कुठे द्यायचा यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. टोकाकडे दिला तर ताण कमी लागतो, पण रोप फार लांब बाहेर येते, तेवढी ताणणारी स्प्रिंग कुठून आणायची? बिजागरीजवळ दिला की उलट. आमचा फाळका पाच फुटांचा आणि खांब अडीच फुटांचा, जोड बिजागरीपासून सव्वा फुटावर. दर रोपेत 65 ते 70 किलोचा ताण येतो, आणि फाळका जमिनीला टेकेपर्यंत रोप जवळजवळ दोन फूट सरकते. स्प्रिंग घेताना हे दोन्ही आकडे सांग. नुसतं ‘जाड दे’ म्हणू नकोस.

पूर्ण भार मात्र स्प्रिंगवर टाकू नकोस. टोकाच्या 42 किलोपैकी 30 स्प्रिंगनं घेतले, 12 हातासाठी ठेवले. नाहीतर टिलर चढवायच्या आधीच फाळका जमिनीवरून उसळेल आणि तोंडावर बसेल. स्प्रिंग दोन्ही बाजूंना आणि एकाच ताणाच्या हव्यात. ऋषिपंचमीला आपल्या गणपतीचा रथ ओढताना एका दोराला माणसं कमी पडली की रथ कसा तिरपा जातो, तू पाहिलंयस. फाळकाही तसाच पिळतो आणि बिजागऱ्या वाकतात.

रोपेला क्लॅम्प लावताना यू-बोल्ट वळवलेल्या तोकड्या टोकावर आणि खोगीर, म्हणजे क्लॅम्पची खाचेची पट्टी, ताण घेणाऱ्या लांब दोरावर. आमच्या फिटरनं उलटे लावले होते, मी ते सगळे परत काढायला लावले. उलट्या क्लॅम्पनं ताणाचाच दोर चेंगरतो. आणि काही खोलायचं असेल तर आधी फाळका उभा करून त्याला अडकवायच्या पिना घाल, तेव्हाच स्प्रिंग सैल असते. रस्त्यावर स्प्रिंगच्या भरवशावर जाऊ नकोस. पिना आणि साखळी हव्यातच.

आता आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीची घाई सुरू होईल, मिनी ट्रॅक्टर रोज या बागेतून त्या बागेत जाईल. परवा आईनं एका हातानं फाळका वर केला, दुसऱ्या हातात दुधाची किटली होती. मला किती बरं वाटलं, तुला सांगू?

उद्या सकाळी काटा लावून आकडा घे, फाळक्याची लांबी आणि खांबाची उंची मोज, आणि मला फोन कर. काटा ओढताना भावाला शेजारी उभा कर. आबांना तोवर फाळक्याला हात लावू देऊ नकोस, त्यांना माझं नाव सांग. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
तासगावकर