करारावर सही केली आहे

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा ‘बरं’ म्हणून मोकळे झाले असते, म्हणून लिहिते आहे. नव्या करारावर सही केली. अजून दोन वर्षं दुबईतच, आता सू शेफ म्हणून. म्हणजे हेड शेफच्या खालोखाल. दिवाळीनंतर खानावळ मी बघायची ठरलं होतं, ते आता होणार नाही.

बाबा, खानावळ मला कमीपणाची वाटते असं मनात आणू नका. उत्तम रेस्टॉरंटांना एक ते तीन तारे देणारं मिशेलिनचं गाइड २०२२ मध्ये दुबईत आलं आणि इथल्या किचनांमधली चुरस एकदम वाढली. पाम बेटावरच्या ट्रेसिंड स्टुडिओला, शेफ हिमांशू सैनींच्या रेस्टॉरंटला, २०२५ मध्ये तीन तारे मिळाले. भारतीय जेवणाला तीन तारे, जगात पहिल्यांदाच! अवतारा तर पूर्ण शाकाहारी, तिथेही एक तारा आहे. हे सगळं हाताच्या अंतरावर असताना निघून कशी येऊ? शिवाय पगार वाढला. शिवाय इथे ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर दर वर्षामागे २१ ऐवजी ३० दिवसांच्या मूळ पगाराची होते. आईच्या गुडघ्याचा खर्च त्यातून सहज निघेल.

तुम्ही ताटात सगळं एकदम वाढता. इथे चमच्या-दोन चमच्यांच्या पंधरा ताटल्या एकेक करून जातात, आणि प्रत्येक ठेवताना त्यात काय आहे ते पाहुण्याला सांगायचं. तुम्ही असता तर म्हणाला असता, ‘जेवू का ऐकू?’ शनिवारी ब्रंच असतो, दुपारी बसलेली मंडळी संध्याकाळ झाली तरी हलत नाहीत. पूर्वी तो शुक्रवारी असायचा, २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली. बिलावर सर्व्हिस चार्ज, म्युनिसिपालिटीची फी, व्हॅट. एका टेबलाच्या बिलात आपला महिन्याचा किराणा येईल.

माझी काळजी नको. सर्व्हिसच्या आधी आम्हा सगळ्यांना गरम जेवण मिळतं, नेपाळी पोरगा डाळ छान करतो. रात्री कंपनीची बस खोलीपर्यंत सोडते. कढीपत्ता, ओला नारळ, सगळं इथल्या करामा भागात मिळतं. लसूण सोलताना मात्र अजून पिठाच्या डब्यावर बसल्यासारखं वाटतं हो बाबा, तुम्ही शेजारी कांदा चिरताय आणि मी एक पाकळी सोलून दोन सांडतेय.

आता ऐका. नंदूकाकांना भट्टीवर उभं राहू दे, ते तयार आहेत, मी बोलले आहे. गल्ल्यावर तुम्हीच बसायचं, भाजीची चव तुम्हीच बघायची. पण मोठी पातेली उचलायची नाहीत. साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतर, दोन्ही तपासा. फक्त एक करून मला फोटो पाठवू नका. आई, जिना चढणं बंद, वाळवणं वरच्या माळ्यावर कशाला? बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, या महिन्यातच अर्ज करा. जानेवारीत इथे हवा चांगली असते, तेव्हा या, व्हिसाचं मी बघते. आणि सकाळी आठला फोन नको, तेव्हा इथे साडेसहा असतात आणि मी रात्री दोनला झोपलेली असते.

तुमची,
मनी