आवक क्रमांक लिहून घेणाऱ्यांना

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकाच्या नावानं नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतल्या दंगलीत घरं जळाली, माणसं छावण्यांत आली, तेव्हा मांडीवर पुठ्ठा घेऊन त्यांचे अर्ज लिहीत बसलेल्या सगळ्यांसाठी आहे. खिचडी शिजवणारे, चादरी वाटणारे, रक्त देणारे यांचं काम डोळ्यांना दिसतं, त्यांचे आभार तिथल्या तिथे मानले जातात. अर्ज लिहिणाऱ्याचे राहून जातात, कारण त्याच्या कामाचा उपयोग कळायला कधी पाच वर्षं लागतात, कधी तीस. दंगलीत, बंदमध्ये, दगडफेकीत ज्यांचं गेलं त्यांचे अर्ज आणि दावे लिहिण्याचं काम आज आम्ही करतो. ही वाट तुम्ही पाडलेली आहे.

या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगानं फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला. त्यात ९०० मृत्यूंची नोंद आहे: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ जणांपुढे ‘अज्ञात’. मृत्यू कशानं आला तेही आहे. पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकल्यानं ३४७, आगीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खासगी गोळीबारात २२, इतर कारणांनी ४. जखमी २,०३६. हे आकडे आज सगळेच वापरतात, पण ते आपोआप जमले नाहीत. आयोगापुढे दोन हजारांहून अधिक प्रतिज्ञापत्रं आली, त्यांतली बहुसंख्य सामान्य लोकांची होती, आणि ५०२ साक्षीदार तपासले गेले. जिला सही करता येत नव्हती, ज्याचं रेशनकार्ड घरासकट गेलं होतं, अशांचं म्हणणं आयोगाच्या दारापर्यंत कुणीतरी लिहून पोचवलं. जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारनं आयोगच गुंडाळला आणि मे महिन्यात तो पुन्हा उभा राहिला. त्या मधल्या काळात साक्ष द्यायला तयार असलेला माणूस दमून गावी जाऊ शकतो. शपथेवर दिलेला कागद तिथेच राहतो.

तुमचं पहिलं ऋण फिर्यादीचं. दंगलीत ठाण्यात बहुधा एकच मोठा गुन्हा दाखल होतो: ‘अज्ञात जमावाने दगडफेक व जाळपोळ केली.’ गल्लीतल्या चाळीस घरांचं नुकसान मग त्या एका गुन्ह्याच्या पोटात जबाब म्हणून जातं. पुढे त्याची ‘अ समरी’ झाली, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागत नाही असं ठरलं, की चाळीसही घरं एका सहीनं मिटतात. त्या दंगलीतले निम्म्याहून अधिक गुन्हे असेच बंद झाले. म्हणून घरटी वेगळा अर्ज, प्रत्येकाच्या दोन प्रती, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक (अर्ज कार्यालयात आल्याचा नोंद क्रमांक), तारीख आणि गोल शिक्का, हा हट्ट धरायचा. आवक क्रमांक नसलेला अर्ज सरकारी भाषेत कधी दिलेलाच नसतो. ठाण्यात घेत नसतील तर वरिष्ठांना, तेव्हा रजिस्टर पोस्टानं, आता स्पीड पोस्टानं, पाठवायचा आणि पोस्टाची पावती अर्जालाच टाचून ठेवायची. फिर्याद नोंदवण्यासाठी तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे. फिर्यादीची प्रत फुकट मिळण्याचा हक्क दोन्हींत आहे. हद्दीबाहेरच्या ठाण्यातही फिर्याद देण्याची सोय आता थेट कायद्यात आली आहे, आणि छावणीत तिची किंमत फार मोठी आहे. पळून आलेला माणूस आपल्या हद्दीतल्या ठाण्याकडे पाऊल टाकायला धजत नाही.

मजकूर कसा लिहावा यातही तुमच्यासारख्यांचं शहाणपण आहे. ‘मी पाहिलं’ आणि ‘मला नंतर कळलं’ ही दोन वाक्यं कधी मिसळू द्यायची नाहीत. उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो. एक ऐकीव वाक्य डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिलं गेलं की खरं पाहिलेलंही संशयात जातं. वेळ विचारली तर बाई सांगते, ‘नळ नुकता गेला होता.’ कारकुनी हात लगेच ‘सकाळी ७ वाजता’ लिहितो. नीट लिहिणारा दोन्ही लिहितो, कारण सहा वर्षांनी न्यायालयात तिला सात आठवत नाहीत, नळ आठवतो. कुणाला ओळखलं असेल तर कसं ओळखलं तेही हवं: रोज त्याच्याकडून दूध घेते, मुलगा त्याच्या मुलाबरोबर शाळेत आहे. उजेड कुठला होता, दिव्याचा खांब किती पावलांवर होता, तोंडाला रुमाल होता की नव्हता. भीतीनं पहिल्या अर्जात नाव दिलं नसेल तर ‘भीतीमुळे नाव सांगत नाही’ एवढं तरी तेव्हाच नोंदवायचं. ते नसेल तर पुढे घेतलेलं नाव मागाहून रचलेलं ठरतं, आणि किती तरी सुटका याच एका कारणावर होतात. ज्याची निशाणी डावा अंगठा, त्याला मजकूर त्याच्या बोलीत वाचून दाखवला, तो त्याला समजला, अशी ओळ लिहून वाचणाऱ्यानं खाली स्वतः सही करायची. या एका सहीसाठी पुढे लिहिणाऱ्यालाच साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. हे माहीत असून जे सही करतात त्यांच्याबद्दल आम्हाला फार आदर आहे.

सगळ्यांत अवघड कागद म्हणजे नुकसानीची यादी. माणूस म्हणतो, ‘सगळं गेलं.’ तसंच लिहिलं तर पंचनामा करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि तो अंदाजानं, म्हणजे कमीच, आकडा टाकतो. यादी काढायची तर मनानं उंबरठ्यावर उभं राहायचं आणि उजव्या हाताच्या भिंतीनं फिरत जायचं: दाराशी काय, त्याच्या शेजारी काय, मांडणीवर, माळ्यावर, मोरीत काय. असं विचारलं की ज्याला पाच वस्तू आठवत नव्हत्या तो पन्नास सांगतो. शिंप्याच्या दुकानात पायाच्या शिलाई मशीन किती, कुठल्या कंपनीच्या, कुठल्या साली घेतलेल्या, काजाची मशीन, इस्त्री कोळशाची की विजेची, कापायचं टेबल. आणि मग गिऱ्हाइकांचं कापड, जे यादीतून हमखास सुटतं. ते त्याच्या मालकीचं नसतं, पण भरून त्यालाच द्यायचं असतं. हातगाडीवाल्याच्या यादीत गाडी, ताडपत्री, तराजू, वजनं आणि त्या दिवशीचा माल किलोत. माल कुठल्या बाजारातून उचलला, रोख की उधार. उधार असेल तर अडत्याच्या वहीत नोंद असते, आणि राख झालेल्या केळ्यांचा तेवढाच पुरावा उरतो.

फुगवायचं मात्र नाही. दहा वर्षांची मशीन नव्या भावानं लावली की बाकीची खरी यादीही कापली जाते. समोरचा माणूस रडत असताना त्याला हे सांगणं सोपं नसतं. तरी ते सांगावं लागतं, आणि चांगला अर्जलेखक ते सांगतो.

पंचनामा होईपर्यंत राख हलवायची नाही, हे घसा फोडून सांगावं लागतं. संचारबंदी शिथिल झाली की पहिली धाव साफसफाईकडे जाते. घरच्यांना ते दृश्य बघवत नाही, आणि पालिकेलाही रस्ता मोकळा हवा असतो. वितळलेला पंखा, मशीनचं वाकलेलं डोकं, विजेचा मीटर हेच तर पुरावे. आता फोनमुळे काम हलकं झालं आहे: चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो, आणि एक असा ज्यात मीटरचा किंवा घराचा नंबर वाचता येईल. नंबर नसलेला जळक्या खोलीचा फोटो कुठल्याही खोलीचा असू शकतो.

विम्याबद्दल थोडक्यात. कर्ज घेतलेल्या दुकानाचा माल पुष्कळदा बँकेनंच विम्यात उतरवलेला असतो, हप्ता खात्यातून कापला जातो आणि दुकानदाराला पत्ताही नसतो. पासबुकातली ती वजावट शोधायची. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत दंगल, संप आणि हेतुपुरस्सर केलेलं नुकसान येतं. दहशतवादी कृत्यासाठी काही पॉलिसींत वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. म्हणून संतापाच्या भरात अर्जात ‘दहशतवाद्यांनी जाळलं’ असं लिहू नये, तो एक शब्द दावा अडकवू शकतो. रिक्षाला नुसता तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर जळालेल्या रिक्षाचं त्यातून काही मिळत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. रेशनकार्डावर एक स्पेलिंग, इस्पितळाच्या केसपेपरवर दुसरं, शवविच्छेदनाच्या अहवालावर तिसरं. रहमान, रेहमान, रहिमान, शिंदे, सिंदे. घाईनं आणलेल्या जखमीचं नाव त्याला उचलून आणणाऱ्यानं सांगितलेलं असतं, आणि तो अनोळखी असतो. भरपाईच्या वेळी या तीन कागदांवरचा माणूस एकच आहे हे विधवेला सिद्ध करावं लागतं. उपाय साधा आहे: पहिल्याच अर्जात ‘ऊर्फ’ लिहून सगळी रूपं द्यायची, आणि इस्पितळाचा वैद्यकीय-न्यायिक नोंद क्रमांक (पोलिसांना कळवायच्या जखमीच्या नोंदीचा, ‘एमएलसी’ क्रमांक) उतरवून घ्यायचा. नाव बदलतं, तो क्रमांक बदलत नाही.

आणि बेपत्ता माणसं. प्रेत मिळालं नाही तर मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही तर भरपाई नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ नुसार सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर तो मेला असं धरता येतं, पण तो अमुक दिवसापासून बेपत्ता आहे हे दाखवणारा कागद त्या दिवसाच्या जवळचा असावा लागतो. म्हणून तक्रारीत अंगावरचे कपडे, चपला, ताईत किंवा कडं, शस्त्रक्रियेचा व्रण, पडलेला दात, शेवटचं कुणी आणि कुठे पाहिलं. जुलै १९९८ मध्ये राज्य सरकारनं बेपत्तांच्या वारसांनाही दोन लाख रुपये देण्याचं ठरवलं. त्यानंतर किती जणांना ते मिळाले? सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला तेव्हाचा हिशोब असा: बेपत्ता १६८, भरपाई मिळालेले ६०. उरलेल्या १०८ जणांच्या घरच्यांना ती मिळाली नव्हती, कारण पत्ता सापडत नव्हता किंवा कागद पुरे नव्हते. दंगल रोखण्यात सरकार कमी पडलं असं न्यायालयानं मानलं, या कुटुंबांना शोधायला सांगितलं, आणि २२ जानेवारी १९९९ पासून दर साल ९ टक्के व्याजासह रक्कम द्यायला सांगितलं.

त्या ६० घरांमागे कुणीतरी नीट लिहिलेला अर्ज असणार. १०८ चा आकडा वाचून आम्ही एक गोष्ट पक्की केली: पत्त्याच्या रकान्यात एक पत्ता कधी लिहायचा नाही. झोपडी पुन्हा बांधली की नंबर बदलतो, भाडेकरू निघून जातो, छावणी तर महिन्यानं उठते. तीन पत्ते लिहायचे. आजचा; गावाकडचा, तालुका आणि पोस्टासकट; आणि तिसरा अशा माणसाचा जो हलणार नाही, कोपऱ्यावरचा किराणावाला, मशिदीचे मौलाना, देवळाचे पुजारी, शाळेच्या बाई. कुटुंब पांगलं तरी ते कुठे गेलं हे त्यांना माहीत असतं.

एका नुकसानीला कुठल्याच नमुन्यात रकाना नसतो. गवंडी, बिगारी, घरकाम करणारी बाई, नाक्यावर उभा राहणारा मजूर यांचं घर जळत नाही, दगड लागत नाही, पण दहा दिवस संचारबंदी म्हणजे दहा दिवसांचा रोज. दिवसाआड दोन तास सूट मिळाली तर त्यात दूध आणायचं की क्षयाच्या गोळ्या? गोळ्या चुकल्या की उपचार लांबतो, आणि त्याचा संबंध दंगलीशी कुणी जोडत नाही. ‘शेरा’ या जागेत रोज किती, दिवस किती बुडाले, मुकादम कोण, औषध कुठल्या तारखेपासून चुकलं, एवढं चार ओळींत लिहून ठेवणं हेही मोठं काम आहे. पैसे त्यातून क्वचितच मिळतात. लिहून ठेवलं तर निदान दंगलीच्या खर्चात हा खर्चही होता हे कागदावर राहतं.

या सगळ्याबद्दल तुमचे मनापासून आभार. सोबत एक विनंती. दोन कोऱ्या कागदांमध्ये कार्बन घालून, बॉलपेन दाबून लिहिलेल्या त्या अर्जांच्या मागच्या प्रती तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी अजून असतील तर रद्दीत घालू नका. कार्बनची शाई घासली की पुसते, म्हणून एकेक प्रत वेगळ्या कागदात गुंडाळा, वरून प्लास्टिक लावून चिकटवू नका, आणि आधी फोटो काढून घ्या. मग त्यांतली बेपत्तांची पानं वेगळी काढा आणि ती माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या) कार्यालयात लेखी द्या. अर्ज लिहिताना गाव, तालुका विचारून तुम्ही रकान्यात घातला असेल, तर न सापडलेल्या घराचा पत्ता त्या पानावर असू शकतो. आणि हो, तिथे दिलेल्या पत्राचाही आवक क्रमांक घ्या.

आपले नम्र,
वस्त्यांमध्ये अर्ज लिहिणारे कार्यकर्ते