नुसत्या ‘.ग्लोबल’ने भागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लिनक्सवर असेंब्लीतले (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायच्या भाषेतले) ‘बेरीज’ नावाचे फंक्शन शेअर्ड लायब्ररीतून (प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या ‘.एसओ’ फाइलीतून) बाहेर द्यायचे, तर ‘.ग्लोबल बेरीज’ लिहिले की झाले, असे नवशिक्यांना सर्रास सांगितले जाते. स्टॅटिक लिंकिंगमध्ये, म्हणजे कोड प्रोग्राममध्येच जोडून टाकताना, ते खपून जाते. ‘.एसओ’ बनवताना अंगाशी येते.

‘.ग्लोबल’ने नाव फक्त उघडे होते. ते फंक्शन आहे की डेटा आणि किती बाइटांचा, हे आपणच सांगायचे: लेबलाआधी (‘बेरीज:’ या ओळीआधी) ‘.टाइप बेरीज, @फंक्शन’, शेवटच्या ‘रेट’ या परतीच्या सूचनेनंतर ‘.साइझ बेरीज, .-बेरीज’. (एआरएमवर @ म्हणजे टिप्पणी, म्हणून तिथे %फंक्शन.) फंक्शनचा आकार राहिला तर बहुधा डीबगर आणि प्रोफायलरच गोंधळतात. डेटाचे दुखणे मोठे. समजा, लायब्ररीत ६४ बाइटांचा तक्ता आहे आणि मुख्य प्रोग्राम तो थेट पत्त्याने वाचतो. अशा वेळी लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारे साधन) प्रोग्राममध्येच जागा राखतो आणि प्रोग्राम सुरू होताना तक्ता तिथे उतरवला जातो, तोही नोंदलेल्या आकाराइतकाच. आकार शून्य, तर उतरतात शून्य बाइट! प्रोग्राम बिनतक्रार चालतो, आकडे मात्र चुकतात. लिंकर इशारा देतो, पण बिल्डच्या शेकडो ओळींत तो वाचतो कोण?

दुसरी अडचण लायब्ररीच्या आतली. ग्लोबल नावाच्या जागी मुख्य प्रोग्राम स्वतःचे त्याच नावाचे फंक्शन पुढे करू शकतो, म्हणून लिंकर त्याचा थेट संदर्भ नाकारतो आणि ‘-एफपिक लावून पुन्हा कंपाइल करा’ असे सुचवतो. हा पर्याय कंपायलरचा, हाताने लिहिलेल्या असेंब्लीला हा सल्ला काय कामाचा? नॅझम या असेंब्लरमध्ये ‘कॉल बेरीज डब्ल्यूआरटी ..पीएलटी’ लिहावे, म्हणजे कॉल पीएलटी या मधल्या तक्त्यातून जातो. ग्नू असेंब्लरमध्ये डेटासाठी ‘तक्ता@जीओटीपीसीरेल(%आरआयपी)’ वापरावे (जीओटी म्हणजे पत्त्यांची यादी). त्यातून पत्ताच मिळतो, किंमत आणायला आणखी एक ‘मूव्ह’ लागतो. नाव बाहेर द्यायचेच नसेल, तर ‘.ग्लोबल’च्या जोडीला ‘.हिडन’ द्या. लायब्ररीतल्या इतर ऑब्जेक्ट फाइलींना ते दिसते, थेट संदर्भही चालतो. बहुतेक नावांना हेच योग्य.

फाइलीच्या शेवटी ‘.नोट.जीएनयू-स्टॅक’ हा रिकामा सेक्शनही हवा. तो नसला की लायब्ररी एक्झिक्युटेबल स्टॅक मागते, म्हणजे जिथला डेटा कोड म्हणून चालवता येतो असा धोक्याचा स्टॅक.

तपासायला ‘रीडएल्फ --डिन-सिम्स’ ही आज्ञा पुरते. बाहेर दिलेल्या नावापुढे ‘नोटाइप’ (प्रकार दिलेला नाही) किंवा आकार ० दिसला, तर वरची एखादी ओळ राहिली आहे.

आपला,
एक वाचक