अथेन्समधला 'स'

महोदय,
रविवारच्या पुरवणीत अथेन्सचे नाव अथेना देवीवरून पडल्याचे ठामपणे छापले आहे. उलटेही असू शकते, म्हणजे देवीलाच गावाचे नाव मिळाले असेल. मूळ शब्द बहुधा ग्रीकांच्याही आधीचा आहे. मला मौज वाटते ती शेवटच्या 'स'ची. इंग्रजीतून आलेला तो 'स' अनेकवचनाचा आहे. प्राचीन ग्रीकमध्ये हे शहर 'अथेनाइ', लॅटिनमध्ये 'अथेनाए', दोन्हीकडे स्त्रीलिंगी अनेकवचनी. थीब्ज या दुसऱ्या ग्रीक शहराचेही तसेच. होमरच्या 'ओडिसी' या प्राचीन ग्रीक महाकाव्यात मात्र एके ठिकाणी एकवचन सापडते, आणि आजचे ग्रीकही एकवचनीच 'अथीना' म्हणतात.

'अथेन्सहून' यासाठी ग्रीकांचा एकच शब्द होता, 'अथेनेथेन'. तिथल्या क्रीडास्पर्धांत बक्षीस म्हणून तेलाने भरलेले रंगीत कुंभ देत, त्यांवर तो रंगवलेला दिसतो. लॅटिनमध्येही 'अथेन्समध्ये' म्हणायला वेगळे अव्यय लागत नाही. नुसते 'अथेनीस' पुरते, जसे 'घरी'ला 'दोमी'. आपण 'घरी', 'गावी' म्हणतो तेव्हा शब्दाचे रूप असेच बदलून काम भागवतो. 'पुणी' मात्र कोणी म्हणत नाही!

– एक वाचक, सातारा