ब्रनोहून मालूला

प्रिय माले,

रागावली असशील, रागाव. आषाढीपासून तुझा एकही फोन घेतला नाही. गुडघा आहे तसाच, बीपी गोळीवर, झालं. पण काल जे पाहिलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? लेक म्हणाली, "आई, प्रेतं बघायला कशाला जातेस?"

इथल्या कॅपुचिन मठाच्या तळघरात ट्रेंक पडलाय, अठराव्या शतकातला तो ऑस्ट्रियाचा सरदार. काचेखाली, वाळून कोळ झालेला. आपला ट्रेंक गं! ज्याच्यावरून स्टाफरूममध्ये तू माझ्याशी अबोला धरला होतास आणि देसाईबाईंना मध्ये पडावं लागलं होतं.

झालंय काय, दिवाळी अंकाला त्याच्यावर लेख कबूल केलाय. संपादकांना हवाय शूर, रंगेल, फसवला गेलेला सरदार. लाल झगेवाले पांडुर, म्हणजे त्याचे शिपाई, तुर्की वाजंत्री, सगळा थाट. तसं लिहायला बसले की बव्हेरियातलं 'काम' (Cham) नावाचं गाव आडवं येतं. १७४२ साली या लोकांनी ते लुटून जाळलं. मग तू दिसतेस, हाताची घडी घालून. "चोर तो चोर."

अगं, पण त्याला पोसला कुणी? प्रशियाचा राजा फ्रेडरिक ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतात घुसलेला, ऑस्ट्रियाच्या राणीची, मारिया तेरेसाची, तिजोरी खडखडीत. अशा वेळी, १७४१ मध्ये, हा स्लाव्होनियातल्या जहागिरीतून पदरमोड करून हजारभर माणसं घेऊन व्हिएन्नात हजर. त्यांत माफी दिलेले दरोडेखोरही. रांगेत उभं राहून बार काढणं हे त्यांचं कामच नव्हे. पुढे रानात घुसायचं, रसद तोडायची, जासूद पकडायचे. पगाराचा भरवसा नाही, लुटीवरच पोट. आपले पेंढारी तरी वेगळं काय करत होते? (गनिमी काव्यावरचं व्याख्यान आवर. तोंडपाठ आहे मला.)

आणि उपयोगी किती पडले! १७४४ साली फ्रेडरिकनं प्राग घेतलं, पण ऑस्ट्रियाच्या या हलक्या फौजांनी त्याचा दाणागोटा आणि बातम्या अशा तोडल्या की मोठी लढाई न होताच त्याला बोहेमिया सोडावा लागला. तेव्हा कुणी लुटीचा हिशेब मागितला नाही. पुढच्या वर्षी सोअरच्या लढाईत मुख्य सैन्य लढतंय आणि हे राजाची छावणी लुटताहेत. त्याची लाडकी कुत्री बिश, तीसुद्धा नेली! नंतर परत दिली. शशीचा मोती नेला असता तर संध्याकाळच्या आत आणून सोडला असता.

ऑस्ट्रिया लढाई हरली आणि मग ट्रेंकवर खटला. राजा हाती लागलेला असताना सोडला, असाही एक आरोप. आधी मृत्युदंड सुनावला, मग त्याची जन्मठेप केली. इथल्याच श्पिल्बेर्क किल्ल्यात १७४९ मध्ये मेला. आणि सोअरला ज्याच्या हाताखाली ही लूट झाली तो नादाश्दी? तो पुढे फील्डमार्शल झाला! इथे माझं डोकं फिरतं, माले.

फ्रेडरिक तरी काय साव? सात वर्षांच्या युद्धात त्यानंही अशाच स्वतंत्र पलटणी उभारल्या, पळून आलेले, कैदी, जो मिळेल तो. पहिला मारा खायला त्यांना पुढे घालायचं आणि १७६३ ला तह झाला की घरी पाठवायचं.

हे सगळं लिहिलं तर जळलेल्या त्या गावाला मी काय उत्तर देतेय? ट्रेंकला उपाशी ठेवलं होतं म्हणून तुमची घरं गेली? आणि हे गाळलं तर नादाश्दी सुटतो. रात्री दोनला उठून एक परिच्छेद खोडते, सकाळी परत घालते. लेक म्हणते, संपादकांना हवं ते दे आणि मोकळी हो. तुला तरी पटेल का?

बरं, सूनबाई रुळली का? बिल्डरच्या कागदांवर घाईनं सह्या करू नकोस. शशीला डोळे तपासून घ्यायला सांग.

मसुदा सोबत आहे. महिनाअखेर द्यायचाय, तेव्हा व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून भागणार नाही. नीट लिही, आणि भांडायचं असेल तर रविवारी फोन कर, घेते.

तुझी,
कुंदा