विद्यापीठांच्या दप्तराची यादी आधी खुली करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१८ जुलै हा मुंबई विद्यापीठाचा स्थापना दिन. या सुमारास राजाबाई टॉवरची छायाचित्रे छापून येतात, तो बांधण्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीची आठवण निघते. टॉवर १८७८ साली पुरा झाला. विद्यापीठाचे कागद त्याच्याही वीस वर्षे आधीपासून साठत आले आहेत. सिनेट आणि सिंडिकेट या विद्यापीठाच्या कारभारी मंडळांची इतिवृत्ते, वार्षिक कॅलेंडरे (नियम आणि उत्तीर्णांच्या याद्या देणारी विद्यापीठाची छापील पुस्तके), परीक्षांच्या नोंदवह्या, शिष्यवृत्त्या ठेवणाऱ्या देणगीदारांचा पत्रव्यवहार, इमारतींचे नकाशे, दीक्षान्त समारंभांची छायाचित्रे, जुन्या प्रश्नपत्रिका असे हे दप्तर. पदवी परीक्षांत मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी सिनेटमध्ये केलेला प्रयत्न समजून घ्यायचा असेल, तर चरित्रांइतकीच इतिवृत्तेही वाचावी लागतात.

या दप्तरावर हक्क फक्त मुंबईकरांचा नाही. पुणे, गुजरात आणि कर्नाटक या विद्यापीठांची स्थापना १९४९च्या सुमाराची. त्याआधी पुणे, अहमदाबाद, धारवाड आणि फाळणीपूर्वी कराची इथल्या महाविद्यालयांचे पदवीधर मुंबई विद्यापीठाचेच होते. गोव्याची महाविद्यालयेही मुक्तीनंतर १९८५मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईलाच जोडलेली होती. पणजोबांच्या पदवीची नोंद शोधणारे आज धारवाडात असतील, मडगावात असतील किंवा न्यू जर्सीत.

असा संग्रह लोकांसाठी खुला करायचा म्हटले की चर्चा थेट स्कॅनर, संकेतस्थळ आणि प्रदर्शनाचे दालन यांवर जाते. आमच्या मते इथेच क्रम चुकतो. पहिले काम यादीचे. कपाटात काय आहे हे बाहेरच्या माणसाला कळले नाही तर तो मागणार काय? मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३५ साली आणि संस्कृत हस्तलिखितांची १९४४ साली छापली. त्यामुळे जगात कुठेही बसलेला अभ्यासक नेमका क्रमांक सांगून हस्तलिखित मागू शकतो. कार्यालयीन दप्तराच्या बाबतीत ही शिस्त आपली विद्यापीठे क्वचितच पाळतात.

यादीला मोठा निधी लागत नाही. पहिल्या फेरीत प्रत्येक फाइल उघडायचीही गरज नाही. एका गठ्ठ्याला एक ओळ पुरे. त्या ओळीत सहा गोष्टी हव्यात: क्रमांक, कोणत्या विभागाचे कागद, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, किती खंड किंवा फायली, भाषा व लिपी, आणि कागदांची अवस्था. साध्या स्प्रेडशीटमध्ये हे बसते. अपुरी असली तरी ती लगेच प्रसिद्ध करावी आणि दर सहा महिन्यांनी वाढवावी. परिपूर्ण सूचीची वाट पाहत बसले की कर्मचारी निवृत्त होतात आणि कोणत्या खोलीत काय आहे हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाते.

यादी करताना उत्साहाच्या भरात एक मोठे नुकसान होते: ‘महिला शिक्षण’, ‘स्वातंत्र्यलढा’ अशा विषयांनुसार फायली फोडून नवे गठ्ठे बांधले जातात. मग कोणते पत्र कोणत्या ठरावाला जोडलेले होते हे कायमचे हरवते. कागद ज्या कार्यालयाने ज्या क्रमाने ठेवले तो क्रम तसाच राहू द्यावा. विषय यादीतल्या वेगळ्या रकान्यात लिहावेत.

नावांचा घोळ तर वेगळाच. जुन्या इंग्रजी नोंदींत वामन, वासुदेव, विष्णू ही नावे ‘व्ही’खालीही सापडतात आणि ‘डब्ल्यू’खालीही. आडनाव कधी शेवटी येते, कधी मुळीच येत नाही. दत्तक गेलेल्याचे नाव मध्येच बदलते. म्हणून अनुक्रमणिकेत मूळ स्पेलिंग जसेच्या तसे ठेवून शेजारी देवनागरी रूप द्यावे. चौकशी करणाऱ्यांनीही नुसते नाव न पाठवता परीक्षा, अंदाजे साल आणि महाविद्यालय कळवावे. कॅलेंडरांतल्या उत्तीर्णांच्या याद्या परीक्षेनुसार आणि वर्षानुसार असल्याने शोध तिथूनच सुरू होतो.

स्कॅनिंग यानंतर. आधी टाचण्या आणि स्टेपल काढाव्यात. मुंबईच्या दमट हवेत त्यांचा गंज कागद खातो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, त्याचा डिंक पिवळा पडून शाई विरघळवतो. ठिसूळ पाने आपोआप ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये घालू नयेत, आणि बांधीव खंड काचेवर दाबू नयेत, पुठ्ठा व शिवण तुटते. त्यांच्यासाठी वरून कॅमेरा आणि खाली इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची बैठक हवी. छापील मजकुराला ३००, हस्तलिखिताला ४०० आणि छायाचित्राला ६०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके) ठेवावे. सगळे रंगीत, कृष्णधवल केले की समासातले पेन्सिलचे शेरे आणि लाल शाई पुसट होते. फुलस्केप पानाची ४०० डीपीआयची रंगीत टिफ (न दाबता सगळा तपशील जपणारी) फाइल सुमारे ५० एमबीची होते, म्हणजे ४०० पानांच्या एका खंडाला २० जीबी जागा लागते. हा हिशेब निविदेआधी केला नाही तर जागा वाचवायला ठेकेदार दाबलेल्या पीडीएफच देतो आणि मूळ प्रत कुठेच उरत नाही. लोकांना पीडीएफ द्यावी, टिफ जपून ठेवावी; प्रती तीन असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या शहरात. फाइलच्या नावात यादीतला क्रमांक नसेल तर स्कॅन असून नसल्यासारखेच. संगणकाकडून अक्षरओळख छापील मजकुरापुरतीच बऱ्यापैकी होते. हस्ताक्षराला माणूसच लागतो.

कायद्याची अडचण सांगून दार बंद ठेवले जाते, तेही तपासून पाहावे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(क) अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका ठेवणे बंधनकारक करते. कलम ८(३)नुसार २० वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती मोजके अपवाद वगळता द्यावी लागते. तरीही मागणाऱ्याला कागद दाखवणे वेगळे आणि तो इंटरनेटवर टाकणे वेगळे. हयात व्यक्तींच्या गुणपत्रिका, वैद्यकीय दाखले, शिस्तभंगाच्या फायली ऑनलाइन जाऊ नयेत असे आम्हाला ठामपणे वाटते. खासगी पत्रे आणि छायाचित्रांचा कॉपीराइटही दरवेळी पाहावा लागतो. विद्यापीठाकडे कागद आहे म्हणजे छापण्याचा हक्क आहे असे नव्हे.

छायाचित्रांच्या बाबतीत मात्र लोकांची मदत आताच घ्यावी. १९५०-६०च्या दशकांतले चेहरे ओळखणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. मूळ फोटो बाहेर न काढता छापील प्रतींवर प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्यावा आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्या मांडाव्यात. नाव कोणी सांगितले आणि कधी, हेही टिपावे, कारण दोन माणसे एकाच चेहऱ्याला दोन नावे देतात आणि तेव्हा दोन्ही नोंदवावी लागतात.

राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाने येत्या स्थापना दिनापर्यंत यादीचा पहिला टप्पा संकेतस्थळावर ठेवावा. त्याच पानावर वाचनकक्षाची वेळ, आणायचे ओळखपत्र, प्रतींचे दर आणि चौकशीला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद लिहावे. एवढ्यासाठी एक प्रशिक्षित अभिलेखपाल आणि दोन सहायक यांची कायम पदे हवीत. कंत्राटी मनुष्यबळ वर्षाला बदलते आणि प्रत्येक नवा माणूस गठ्ठे पहिल्यापासून मोजू लागतो.

आपले,
अभिलेख आणि ग्रंथालय क्षेत्रात काम करणारे काही वाचक, मुंबई