फोनवरच्या त्या ताईंचे आभार

रात्रपाळीला कार्ड हेल्पलाइनवर असलेल्या त्या ताईंचे मनापासून आभार. माझ्या कार्डावर मी न केलेले व्यवहार दिसले: आधी किरकोळ रकमेचा, पाठोपाठ दोन मोठे. ताईंनी आधी कार्ड ब्लॉक केलं, चौकशी नंतर. ओटीपी, पिन काही विचारलं नाही. किरकोळ व्यवहारही तक्रारीत घालायला लावला. कार्ड चालतंय का, हे चोर अशाच छोट्या रकमेने चाचपतात. मोठे दोन्ही अजून ‘पेंडिंग’ होते, म्हणून ते पक्के नोंदले गेल्यावर डिस्प्यूट अर्ज (हा व्यवहार माझा नाही, अशी हरकत) कसा भरायचा तेही सांगितलं. तक्रार क्रमांक सावकाश, दोनदा. आणि ब्लॉक झाल्याचा मेसेज येईपर्यंत फोन ठेवला नाही! घाई त्यांनाही असणारच. वर आठवण केली: नव्या कार्डाचा नंबर काही सबस्क्रिप्शनांकडे कधीकधी आपोआप पोहोचू शकतो, अनोळखी व्यवहार दिसला की लगेच कळवा. ताई, खूप आभार.